गोल्फच्या सुटीसाठी मॉरिशस : आधी वारा पाहा, मग हॉटेल

हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट भारतीय पर्यटकांना प्रामुख्याने मधुचंद्राचे ठिकाण म्हणून परिचित आहे. गोल्फपटूंसाठी मात्र या बेटाचे महत्त्व वेगळे आहे. जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद अशा या मुख्य बेटावर अठरा होलचे दहाहून अधिक गोल्फ कोर्स आहेत. त्यांपैकी बहुतेक समुद्राला लागून किंवा समुद्र दिसेल अशा उतारावर आहेत. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तासांत येथे पोहोचता येते आणि भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. त्यामुळे मुंबई-पुण्यातील हौशी गोल्फपटूंना आठवड्याभराच्या सुटीसाठी हे ठिकाण सोयीचे ठरते.

अशा सुटीचे नियोजन मात्र बहुधा उलट्या क्रमाने होते. आधी स्वस्त विमान तिकीट पाहिले जाते, मग छायाचित्रांवरून हॉटेल निवडले जाते आणि खेळाची वेळ, म्हणजे ‘टी टाइम’, शेवटी शोधली जाते. साध्या समुद्रसहलीत हे खपून जाते. गोल्फच्या सुटीत ते महागात पडते. वाऱ्याच्या दिवसांत वाऱ्याच्या किनाऱ्यावर मुक्काम पडला, हॉटेलपासून कोर्स दीड तासावर निघाला किंवा चौघांच्या कुटुंबात खेळणारा एकच असला, तर पैसे पूर्ण खर्च होतात आणि सुटी अर्धीच पदरात पडते. म्हणून ऋतू, किनारा, कोर्स, हॉटेल आणि शेवटी तिकीट, या क्रमाने निर्णय घेणे हिताचे.

उसाच्या मळ्यातून फेअरवेकडे

मॉरिशसमध्ये गोल्फ आणले ते ब्रिटिशांनी. मध्य पठारावरील वाकोआ येथील जिमखाना क्लबचा कोर्स त्या काळाची आठवण देतो. किनाऱ्यावरील कोर्स मात्र अलीकडचे आहेत आणि त्यांच्या वाढीमागे साखरेचे अर्थकारण आहे. दीर्घकाळ या बेटाची अर्थव्यवस्था उसावर उभी होती. १८३४ पासून भारतातून आणलेल्या गिरमिटिया मजुरांनी हे मळे कसले. त्यांत बिहारी आणि तमिळ मजुरांप्रमाणेच मुंबई इलाख्यातून गेलेले मराठी मजूरही होते. युरोपीय संघाने २००६ पासून साखरेच्या हमी किमतीत टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कपात केली, तेव्हा मोठ्या साखर कंपन्यांना जमिनीचा दुसरा उपयोग शोधणे भाग पडले. परदेशी नागरिकांना ठरावीक प्रकल्पांत घर खरेदीची मुभा देणारी योजना सरकारने २००२ मध्येच आणली होती. तिचा आधार घेऊन बंगले, हॉटेल आणि गोल्फ कोर्स असे एकत्रित प्रकल्प उभे राहिले. पूर्व किनाऱ्यावरील अनाहिता आणि पश्चिमेकडील तामारिना ही त्याची ठळक उदाहरणे होत.

पर्यटकाच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा, की येथील बरेचसे कोर्स एखाद्या हॉटेलाशी किंवा निवासी प्रकल्पाशी जोडलेले आहेत. कोणत्या हॉटेलात उतरायचे यावर कोणत्या कोर्सवर सवलतीने खेळता येईल हे ठरते. त्यामुळे कोर्सची निवड आधी होणे आवश्यक आहे.

कधी जाल?

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने तेथील ऋतू आपल्या उलट आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, तर मे ते ऑक्टोबर हिवाळा. उन्हाळ्यातील सरासरी तापमान सुमारे २४.७ अंश, तर हिवाळ्यातील सुमारे २०.४ अंश सेल्सिअस असते. थंडीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो वारा आणि पाऊस यांचा.

जून ते सप्टेंबर या काळात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जोरात असतात. हवा कोरडी आणि आल्हाददायक असते, पण पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर चेंडू हवेत भरकटतो. शिवाय दिवस लहान असतो. जून-जुलैत सायंकाळी सहापूर्वीच सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी एकनंतर सुरू केलेली अठरा होलची फेरी अंधारात अडकण्याचा धोका असतो.

जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत जोखमीचा. उकाडा, दमटपणा आणि मुसळधार पाऊस यांच्या जोडीला चक्रीवादळांची शक्यता असते. जानेवारी २०२४ मधील ‘बेलाल’ वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पुराच्या पाण्यातून मोटारी वाहत गेल्या होत्या. वादळाचा इशारा गंभीर झाला की कोर्स तर बंद होतातच, शिवाय विमानतळही बंद ठेवावा लागतो. 

उरतात ते दोन चांगले काळ. पहिला एप्रिलअखेर ते मे. पाऊस ओसरलेला असतो आणि गवत हिरवेगार असते. दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा मध्य. ऑक्टोबर हा वर्षातील सर्वांत कोरडा महिना मानला जातो, वारा मंदावलेला असतो आणि समुद्राचे पाणी पोहण्याइतके उबदार होऊ लागते. योगायोगाने हे दोन्ही काळ महाराष्ट्रातील शाळांच्या उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्यांशी जुळतात. दिवाळी मॉरिशसमध्येही सार्वजनिक सुटी असते.

डिसेंबरमध्ये जाणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. २०१५ मध्ये सुरू झालेली मॉरिशस ओपन ही व्यावसायिक स्पर्धा अलीकडे बहुतेक वेळा याच महिन्यात झाली आहे. स्पर्धेच्या आठवड्यात संबंधित कोर्स पाहुण्यांना खेळता येत नाही. नोंदणीपूर्वी ई-मेल करून तारखा विचारून घ्याव्यात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वांत महागडा. तो टाळता आल्यास उत्तम.

कोणता किनारा?

पूर्व किनारा : मोजक्या दिवसांत अधिकाधिक गोल्फ खेळायचे असेल, तर हा किनारा सर्वांत सोयीचा. बेल मार येथे ‘लेजंड’ आणि ‘लिंक्स’ हे दोन कोर्स एकाच हॉटेल समूहाचे आहेत. दक्षिण आफ्रिकेचे ह्यू बायोकी यांनी आखलेला लेजंड १९९४ पासूनचा, तर रॉडनी राइट आणि पीटर अॅलिस यांचा लिंक्स २००२ चा. लेजंड झाडीतून जाणारा आणि अरुंद आहे. तेथे लांब फटक्यापेक्षा सरळ फटका उपयोगी पडतो.

तेथून दक्षिणेस अर्नी एल्स यांनी आखलेला अनाहिता हा २००८ मध्ये खुला झालेला कोर्स आहे. त्याचे शेवटचे होल थेट खाडीसदृश लगूनच्या काठाने जाते. अनाहिताच्या समोरच्या बाजूला, त्याच लगूनमध्ये, इल ओ सेर्फ हे छोटे बेट आहे. त्यावर जर्मनीचे बर्नहार्ड लँगर यांनी आखलेला अठरा होलचा, पार ७२ चा कोर्स २००३ मध्ये सुरू झाला. तेथे होडीनेच जावे लागते. खारफुटी, तळी आणि समुद्राची आत शिरलेली शाखा ओलांडून मारावे लागणारे फटके यांमुळे तो दिसायला जितका देखणा, तितकाच खेळायला कठीण. ज्यांचा हँडिकॅप वीसच्या वर आहे त्यांनी पुढच्या टीवरून खेळावे आणि सोबत डझनभर जादा चेंडू ठेवावेत. आल्या आल्या पहिली फेरी येथे ठेवू नये. हाताला वाऱ्याची सवय झाल्यावर, दुसरी किंवा तिसरी फेरी येथे खेळावी.

नैर्ऋत्य किनारा : बेल ओंब्र येथील जुन्या साखर मळ्याच्या जागेवर हेरिटेज क्लबचे दोन कोर्स आहेत. पीटर मॅटकोविच यांचा ‘शातो’ कोर्स २००४ चा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लगून आणि मध्ये एकोणिसाव्या शतकातील वाडा असे त्याचे स्वरूप आहे. डिसेंबर २०१७ मध्ये येथेच झालेल्या मॉरिशस ओपनमध्ये भारताचा अर्जुन अटवाल प्लेऑफपर्यंत पोहोचला होता. दक्षिण आफ्रिकेच्या डायलन फ्रिटेलीने त्याला मागे टाकले. ‘ला रेझर्व्ह’ हा दुसरा कोर्स मॅटकोविच आणि लुई ऊस्थाउझेन यांनी मिळून आखला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर झालेली मॉरिशस ओपन खुद्द ऊस्थाउझेननेच जिंकली. झाडे कमी, उघडा माळ आणि वाऱ्याला मोकळी वाट असा हा कोर्स आहे. नवशिक्यांसाठी याच परिसरात नऊ होलचा छोटा कोर्सही आहे. बेल ओंब्रच्या पश्चिमेस ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी असलेला ‘पॅरादी’ हा आणखी एक पर्याय.

पश्चिम किनारा : डोंगरांच्या आडोशामुळे हा भाग बेटावरील सर्वांत कोरडा. जुलै-ऑगस्टमध्येच सुटी मिळत असेल, तर मुक्काम येथे करावा. रॉडनी राइट यांचा तामारिना हा २००६ मधील कोर्स गवताळ माळावर, रांपार या सुळक्यासारख्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर आहे. फ्लिक आँ फ्लाकचा लांबलचक पुळणीचा किनारा जवळ असल्याने कुटुंबासाठीही हा भाग सोयीचा.

उत्तर किनारा : ग्राँ बे परिसरात बाजार, उपाहारगृहे आणि रात्री फिरण्याची सोय आहे. येथे माँ शॉझी हा २०१७ मध्ये सुरू झालेला कोर्स आहे. डिसेंबर २०२४ ची मॉरिशस ओपन येथेच झाली आणि ती इंग्लंडच्या जॉन पॅरीने जिंकली. गोल्फ हा सहलीचा एक भाग आहे, संपूर्ण सहल नव्हे, अशा पर्यटकांनी उत्तरेचा विचार करावा.

नकाशावर बेट लहान दिसते, पण रस्ते वळणाचे आणि गावांतून जाणारे आहेत. उत्तरेकडून बेल ओंब्रला पोहोचण्यास दीड तासाहून अधिक वेळ सहज लागतो. म्हणून एका आठवड्याच्या सुटीत एकाच किनाऱ्यावर राहावे किंवा फार तर दोन मुक्काम करावेत. पूर्व आणि नैर्ऋत्य ही जोडी त्यासाठी चांगली आहे. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला असल्याने दोन्हीकडून तो फार लांब पडत नाही.

किती फेऱ्या खेळाल?

सात रात्रींच्या मुक्कामात चार फेऱ्या पुरेशा आहेत. रोज खेळण्याचा बेत कागदावर आकर्षक वाटतो. दमट हवेत तिसऱ्या दिवशी कंबर आणि खांदे तक्रार करू लागतात. पोहोचल्याचा दिवस विश्रांतीचा ठेवावा. दुसऱ्या दिवशी सोपा कोर्स, तिसरा दिवस कुटुंबाचा, चौथ्या दिवशी इल ओ सेर्फ, पाचवा पुन्हा मोकळा, सहाव्या आणि सातव्या दिवशी उरलेल्या दोन फेऱ्या, अशी विभागणी करता येईल. मोकळ्या दिवसांचा आणखी एक उपयोग आहे. एखादी फेरी पावसामुळे रद्द झाली, तर ती तेथे हलवता येते.

टी टाइम शक्यतो सकाळी आठपूर्वीचा घ्यावा. किनाऱ्यावरचा वारा दिवस चढेल तसा वाढतो. समोरून ताशी दहा मैल वेगाने वारा येत असेल, तर तेवढ्याच अंतरासाठी सुमारे दहा टक्के अधिक लांबीचा फटका धरावा, असा गोल्फपटूंचा ढोबळ हिशेब आहे. पाठीमागून येणारा वारा मात्र त्याच्या निम्माच फायदा देतो. भारतातील क्लबांत वाऱ्याचा अंदाज सांगणारा आणि हरवलेला चेंडू शोधून देणारा कॅडी सोबत असतो. मॉरिशसमध्ये कार्टचाच रिवाज आहे. त्यामुळे हा हिशेब स्वतःलाच करावा लागतो.

न खेळणाऱ्यांचे काय?

गोल्फच्या सुटीतील सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. एका फेरीला चार ते साडेचार तास लागतात. येणे-जाणे, सराव आणि न्याहारी धरून अर्धा दिवस जातो. चार फेऱ्या म्हणजे सुटीचे दोन पूर्ण दिवस. हा वेळ पती किंवा पत्नी, मुले आणि आई-वडील कसा घालवणार, हे तिकीट काढण्यापूर्वी घरात बोलून ठरवावे. खेळणाऱ्याने सकाळी लवकर जाऊन दुपारच्या जेवणाला परत यावे आणि पुढचा वेळ सर्वांचा असावा, ही तडजोड बहुतेक घरांत मान्य होते.

इल ओ सेर्फ या बाबतीत सोयीचे आहे. बेटाच्या दुसऱ्या भागात सर्वांना खुला असलेला प्रसिद्ध पुळणीचा किनारा आहे. एक जण गोल्फ खेळत असताना बाकीच्यांना तेथे पोहता येते. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सार्वजनिक आहे, त्यामुळे हॉटेलसमोरच्या वाळूवरही चालत जाण्यास मज्जाव नसतो.

पश्चिमेकडे तामारिनच्या उपसागरात डॉल्फिन दिसतात, तर जुलै ते ऑक्टोबरदरम्यान खोल समुद्रात हंपबॅक देवमासे येतात. नैर्ऋत्येस शामारेलची सप्तरंगी माती आणि ब्लॅक रिव्हरचे राष्ट्रीय उद्यान आहे. उत्तरेस पांप्लमूसचे वनस्पती उद्यान महाकाय कमळपानांसाठी प्रसिद्ध आहे. पोर्ट लुईतील आप्रवासी घाट हे गिरमिटिया मजूर जेथे उतरले ते ठिकाण. युनेस्कोने २००६ मध्ये त्याला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. ज्या मळ्यांवर आज गोल्फचे प्रकल्प उभे आहेत त्यांची पहिली पायरी येथे पाहायला मिळते. मराठी पर्यटकांनी हे ठिकाण चुकवू नये.

बेटावरील मराठी समाजाने पाच-सहा पिढ्यांनंतरही आपले सण टिकवले आहेत. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते आणि विसर्जनाच्या मिरवणुका समुद्राकडे निघतात. पश्चिमेकडील कास्कावेल गावात मराठी वस्ती आहे, तर मोका येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण एप्रिल २०२३ मध्ये झाले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणाऱ्या गोल्फपटूंना उत्सवाच्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर राहून दोन्ही गोष्टी साधता येतील.

खर्चाचा हिशेब

‘मोफत गोल्फ’ असे लिहिलेल्या पॅकेजचा नीट अर्थ लावावा. बहुधा मोफत असते ती फक्त ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळण्याचे शुल्क. कार्ट, भाड्याचा क्लबसंच, सरावाचे चेंडू आणि हॉटेल ते कोर्स प्रवास यांचे पैसे वेगळे लागू शकतात. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ म्हणजे जेवण आणि पेये. त्यात गोल्फ असेलच असे नाही.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. पॅकेजचा दर माणशी असतो. दोघांपैकी एकच खेळत असेल, तर न खेळणाऱ्याच्या दरातही गोल्फची किंमत अप्रत्यक्षपणे मिसळलेली असते. अशा वेळी साधे हॉटेल घेऊन प्रत्येक फेरीचे पैसे स्वतंत्रपणे भरणे स्वस्त पडू शकते. दोन्ही पर्यायांचा एकूण खर्च काढावा आणि त्याला प्रत्यक्ष खेळल्या जाणाऱ्या फेऱ्यांनी भागून पाहावे.

नोंदणीपूर्वी हॉटेल किंवा प्रवासी कंपनीला पुढील प्रश्न लेखी विचारावेत :

१. किती फेऱ्या आणि कोणत्या कोर्सवर समाविष्ट आहेत?
२. कार्ट सक्तीचे आहे का आणि त्याचे पैसे धरले आहेत का?
३. टी टाइम नोंदणीच्या वेळीच निश्चित होईल, की पोहोचल्यावर?
४. पाऊस किंवा वादळामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतात, की दुसरी वेळ दिली जाते?
५. त्या आठवड्यात स्पर्धा किंवा देखभालीसाठी कोर्स बंद आहे का?
६. हँडिकॅपचे प्रमाणपत्र लागते का?

परदेशी सहलीच्या पॅकेजवर प्रवासी कंपनी टीसीएस आकारते. ही रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात जमा धरता येते. पावती जपून ठेवावी. प्रवास विमा घेताना वादळामुळे झालेला विलंब आणि क्रीडासाहित्याचे नुकसान यांचा त्यात समावेश आहे का, हे तपासावे.

सामान आणि शिस्त

स्वतःचा क्लबसंच न्यायचा, की तेथे भाड्याने घ्यायचा, हे फेऱ्यांच्या संख्येवर ठरवावे. एक-दोन फेऱ्या असतील, तर भाड्याचा संच पुरे. तीन-चार फेऱ्या असतील, तर स्वतःचा न्यावा. भरलेल्या पिशवीचे वजन पंधरा किलोच्या आसपास जाते. विमान कंपन्यांचे क्रीडासाहित्याचे नियम वेगवेगळे आणि बदलते असतात, म्हणून तिकिटासोबतच लेखी खात्री करून घ्यावी. पिशवी कडक कवचाची असावी. संच नवा आणि महाग असेल, तर जाताना विमानतळावरील सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. परतताना वाद होत नाही.

कॉलरचा टी-शर्ट आणि मऊ स्पाइकचे बूट ही किमान अपेक्षा. जीन्स आणि पोहण्याचे कपडे कोर्सवर चालत नाहीत. टोपी, सनस्क्रीन, जादा हातमोजे आणि पाण्याची बाटली सोबत असावी. वारा गार लागत असल्याने उन्हाची तीव्रता जाणवत नाही आणि पाणी पिण्याचे राहून जाते. पन्नाशीपुढील खेळाडूंनी याकडे विशेष लक्ष द्यावे. ग्रीनवरील चेंडूचे ठसे बुजवणे, बंकरमधील वाळू सारखी करणे आणि मागच्या गटाला वाट देणे हे शिष्टाचार येथे काटेकोरपणे पाळले जातात.

कसे जाल?

मुंबईहून मॉरिशसला थेट विमानसेवा आहे. तेथील घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे असल्याने झोपेचे वेळापत्रक बिघडत नाही; उलट पहाटे लवकर जाग येते, ती सकाळच्या टी टाइमच्या कामी येते. परतीचे तिकीट, निवासाची नोंद आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा प्रवेशाच्या वेळी दाखवावा लागतो. प्रवासापूर्वी ऑनलाइन प्रवासी अर्जही भरावा. वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे मोटार भाड्याने घेऊन स्वतः चालवणे अवघड नाही. इंग्रजी सर्वत्र चालते. रोजच्या व्यवहारात क्रेओल आणि फ्रेंच अधिक कानी पडते. डाळीची पुरी, म्हणजे तेथील ‘धॉल पुरी’, रस्तोरस्ती मिळत असल्याने शाकाहारी पर्यटकांची आबाळ होत नाही.

दिवाळीच्या सुटीसाठी जायचे असल्यास जुलै-ऑगस्टपर्यंत कोर्सची निवड आणि टी टाइमची चौकशी पूर्ण व्हावी. त्याची लेखी खात्री हाती आल्यानंतरच हॉटेल आणि विमानाचे पैसे भरावेत.